मामा तलावाचं शेवटचं पाणी

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, “शाश्वत विकासाच्या चळवळीतले तुमचे अनुभव लिहा.” मी म्हटलं, मी चळवळीत कधी नव्हतो, मी पाटबंधाऱ्यात होतो. ते म्हणाले, “तेच ते.” मला ते तेच वाटत नाही. पण दिवाळी अंकवाल्यांशी वाद घालणाऱ्याचा लेख उदबत्तीच्या जाहिरातीखाली छापला जातो हे मी पाहिलेलं आहे, म्हणून लिहितो.

मी कालवा निरीक्षक होतो. कालवा असतो आणि हा गृहस्थ काठावर उभा राहून त्याचं निरीक्षण करतो, असं माझ्या व्याह्यांना अजून वाटतं. भंडारा जिल्ह्यात माझ्या वाट्याला कालवे कमी आणि तलाव फार आले. तलावाच्या पाळीखालून पाणी काढायचं जे दार असतं त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. ते कधी उघडायचं, किती उघडायचं, कधी मिटायचं आणि मधल्या वेळात होणारी भांडणं ऐकायची, एवढंच माझं काम. उघडण्या-मिटण्याला फारसा वेळ लागत नाही. ऐकण्यात नोकरी गेली.

आमचं घर पवनीचं, विणकराचं. वडील मागावर बसायचे आणि पाण्याशी आमचा संबंध सूत भिजवण्यापुरता. नोकरीच्या पहिल्याच हंगामात एका शेतकऱ्यानं मला विचारलं, “साहेब, धान दुधावर आला, पानी कवा सोडता?” मला वाटलं, हे लोक धानाला दूधही घालतात की काय! धानाच्या दाण्यात आधी दुधासारखा रस भरतो आणि मग त्याचा तांदूळ होतो, हे मला तिथल्या लोकांनी हसून हसून सांगितलं. त्या दिवसांत पाणी तुटलं की लोंबी दिसायला भरगच्च आणि आत नुसतं फोलकट. वाचकांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, कारण पुढचं सगळं भांडण याच दुधाचं आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आम्हाला साकोलीला प्रशिक्षणाला बोलावलं. विषय होता लोकसहभाग. शिकवायला एक ताई आल्या होत्या. हुशार होत्या, जेवणाच्या सुटीत आमच्याशी धानाबद्दल नीट बोलत होत्या. त्यांनी प्रत्येकाला चार रंगांच्या चिठ्ठ्या दिल्या. पुढाकार घेणारे, विचार करणारे, काम करणारे आणि सगळ्यांना सांभाळून घेणारे, असे चार स्वभाव. चळवळीला चारही लागतात, आपापल्या गावातली माणसं आठवा आणि नावं लिहा, असं त्या म्हणाल्या. मी ज्या गावाचा विचार करत होतो तिथं मला डोळ्यांपुढे आले ते एक आळशी, एक शंकेखोर, एक भांडखोर आणि एक मुका. मुका म्हणजे तोंड असून न बोलणारा. माझ्या चारही चिठ्ठ्या कोऱ्या राहिल्या. माझ्या शेजारी बसलेल्या ग्रामसेवकानं चारही चिठ्ठ्यांवर सरपंचांचंच नाव लिहून टाकलं होतं.

ते गाव अड्याळच्या अंगाला आहे. नाव सांगत नाही, कारण तिथं अजून मला चहा मिळतो. गावाला एक जुना तलाव आहे, मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातला. मालगुजार गेले, तलाव सरकारकडे आले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले. एवढं लांब कोण लिहिणार? कारकुनांनी त्याचं ‘मा. मा. तलाव’ केलं आणि लोकांनी मधली टिंबं काढून सरळ मामा तलाव केलं. इथवर ठीक होतं. पण पाळीवरची झुडपं काढायला चला म्हटलं की गावातला कोणीतरी हमखास म्हणायचा, “तलाव मामाचा हाये ना जी? मंग मामाच करन. भाच्यानं तं नुसतं खावाचं असते.” हा विनोद मी प्रत्येक बैठकीत ऐकला आणि प्रत्येक वेळी सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसले.

आता आळशी माणसाचं सांगतो. त्याचं नाव रामदास. घरची थोडी शेती बायको बघायची आणि रामदास तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेऊन सकाळीच पाळीवर जाऊन बसायचा. बसायची जागा ठरलेली, तुडुमापासून थोडी पुढे, मोहाच्या सावलीत. आम्ही काम करत असलो तर पाय आखडून जागा द्यायचा, इतकीच त्याची मदत.

त्या वर्षी पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला होता. मी पाळीवरून चाललो होतो तर रामदास उभा! त्याला उभा मी पहिल्यांदाच पाहिला.

“काय झालं रामदास?”

“साहेब, माही बसाची जागा ओली झाली.”

“पाऊस पडतोय, ओली होणारच.”

“पावसानं नाई जी. खालून ओली होऊन राहिली.”

मी वाकून हात लावला. माती खालून पाझरत होती. खेकड्यांनी पाळ पोखरली होती आणि भरलेल्या तलावाचं पाणी त्या बिळांतून वाट शोधत होतं. गावकरी बोलावले, चिकणमाती आणि पोती आणली आणि संध्याकाळच्या आत भोक बुजवलं. आणखी एक मुसळधार पाऊस झाला असता तर पाळ फुटून अख्ख्या गावाचा धान वाहून गेला असता. पाळीवरून रोज माणसं जात होती, मीही जात होतो. पण जाणाऱ्याच्या पायाला जे कळत नाही ते बसणाऱ्याला कळतं.

पाणी वापर समितीला इतका आनंद झाला की त्यांनी रामदासला ‘तलावमित्र’ नेमलं. गळ्यात शिट्टी, डोक्याला टोपी आणि शाळेतल्या मुलांसमोर सत्कार. दुसऱ्या दिवसापासून रामदास पाळीवर दिसेनासा झाला. मी घरी गेलो तर खाटेवर पडलेला. म्हणाला, “बसाचं काम लावलं तं बसू वाटत नाई साहेब.” समितीनं शिट्टी परत घेतली आणि रामदास पुन्हा आपल्या जागेवर आला. माणसाचा स्वभाव उपयोगी पडला की आपण लगेच त्याला पद देतो आणि स्वभाव पळून जातो. सरकारी खात्यात मी हे फार पाहिलं.

पाऊस ऑगस्टभर बरसला आणि सप्टेंबरात तोंड फिरवून गेला. दसरा झाला, ऊन तापायला लागलं. आमच्याकडे धान दोन प्रकारचा लावतात. हलका धान लवकर येतो, दिवाळीच्या आत कापणीला तयार. भारी धान उशिरा येतो, त्याला शेवटचं एक पाणी जास्त लागतं. त्या वर्षी तलावाखाली जवळजवळ सगळ्यांनी हलका धान लावला होता. भारी लावणाऱ्या एकट्या शेवंताबाई, आणि त्यांची शेती सगळ्यांत खाली, शेवटच्या दोन बांध्या. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा बांध घातलेला तुकडा.

शेवंताबाईंची ओळख करून द्यायची तर त्यांचा आवाज आधी येतो आणि मग त्या येतात. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं शेती केली, मुलाचं लग्न केलं आणि गावातल्या प्रत्येकाशी निदान एकदा भांडण केलं. माझ्याशी दरवर्षी. शेवटच्या बांधीवाल्याला पाणी मिळतं ते भांडूनच, हे मला नोकरीत लवकर कळलं होतं, त्यामुळे मी त्यांच्यावर कधी रागावलो नाही. रागावून उपयोगही नव्हता.

त्या मला रस्त्यातच अडवून म्हणाल्या, “साहेब, धान दुधावर हाये. जमीन चिरून राहिली. पानी सोडा.”

“बाई, तलावात पाणी आहे. पण जाणार कुठून?”

अडचण अशी होती. आमच्या भागात या जुन्या तलावांचं पाणी बांधीतून बांधीत जातं. वरच्याची बांधी भरली की धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून खालच्याला. एरवी त्यात कोणाचं नुकसान नसतं. पण आता वरच्या सगळ्यांचा हलका धान पिवळा होऊन कापणीला टेकला होता. त्यातून पाणी नेलं तर तयार धान चिखलात लोळणार. एका बाईचा धान वाचवायला बाकीच्यांनी आपला बुडवायचा, हे कोण कबूल करील? आणि न करणाऱ्याला चुकीचं तरी कसं म्हणायचं?

समितीची बैठक मारुतीच्या देवळात भरली. शेवंताबाई खांबाला टेकून बसल्या होत्या आणि आज त्या ओरडत नव्हत्या, याचीच मला काळजी वाटली. सगळे हळहळले. पुढल्या वर्षी भारी धान लावू नका, असा सल्लाही एकानं दिला. एवढ्यात पनभाऊंनी खाकरून घसा साफ केला.

यांचं खरं नाव गोपाळराव. कुठलंही वाक्य ‘पन’ शब्दानं सुरू करत म्हणून गावानं त्यांना पनभाऊ केलं होतं. शंका हा त्यांचा धंदा. सौरदिवे आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “पन ग्रहण लागलं तं?” त्यांनी तोंड उघडलं की सरपंच पाणी प्यायला उठत. त्या दिवशीही उठले.

“पन,” पनभाऊ म्हणाले, “माह्या बापाच्या वक्ताले तं बाजूनं पाट होता. तुडुमापासून खालच्या बांधीवरी. तो पाट कुठी गेला?”

पाट कुठे गेला हे सगळ्यांना ठाऊक होतं. दरवर्षी नांगरताना प्रत्येकानं वीत वीत पाट आपल्या बांधीत घेतला होता आणि त्यावर आता धान उभा होता.

“पन मी सांगतो ना,” पनभाऊ पुढे म्हणाले. “मी खाल्ला. पन तुमी बी खाल्ला. या बंडूनं खाल्ला, सरपंचानं खाल्ला. कोनाच्या धुऱ्याखाली पाटाचे जुने गोटे कुठी हायेत, थे बी मले मालूम हाये.”

शंकेखोर माणूस चाळीस वर्षं प्रत्येकावर नजर ठेवून होता, त्याचं फळ गावाला त्या दिवशी मिळालं. स्वतःचं नाव त्यांनी आधी का घेतलं, हे मी त्यांना नंतर विचारलं. म्हणाले, “पन दुसऱ्यानं आधी घेतलं असतं तं?”

दुसऱ्या दिवशी पाट खोदायला सुरुवात झाली. पनभाऊ काठीनं जागा दाखवत पुढे आणि शेवंताबाई फावडं घेऊन मागे. प्रत्येकाच्या धुऱ्यावर त्या उभ्या राहायच्या आणि मालकाच्या सात पिढ्यांचा असा उद्धार करायच्या की माणूस विळा घेऊन मुकाट्यानं पाटाच्या पट्ट्यातला धान कापून घ्यायचा. बंडूनं थोडी कुरकुर केली. शेवंताबाईंच्या आवाजानं त्याची म्हातारी घराबाहेर आली आणि पोराच्याच पाठीत धपाटा घातला. नियमानं नोटीस काढून हा पाट मोकळा करायचा म्हटलं असता तर माझ्यानंतरचे दोन निरीक्षक निवृत्त झाले असते.

याच कामावर न बोलावता आलेला एक माणूस म्हणजे सुकराम. हा ढिवर, तलावात मासेमारी करणाऱ्यांपैकी. त्याची खाली एक वीतही शेती नाही. पावसाळ्यात तलावात सोडलेलं मत्स्यबीज वाढवायचं आणि दिवाळीनंतर विकायचं, यावर त्याचं आणि त्याच्या भाऊबंदांचं वर्ष चालतं. सुकराम आला, पाट खोदला, भाकर खाल्ली आणि गेला. दिवसभरात त्याच्या तोंडून मी एक शब्द ऐकला, तो म्हणजे “हो”. पाणी कोणाच्या पुढ्यातलं जाणार होतं, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसेल.

कारण त्या तलावात एक जुनी रीत होती. तुडुमाच्या खांबातून एक दगड पुढे आलेला आहे. गाव त्याला मासोळीचा गोटा म्हणतं. पाणी उतरत उतरत तो गोटा उघडा पडला की तुडुम मिटायचं. खालचं पाणी माशांचं आणि गुरांचं. हे कुठल्या नकाशात नाही, कुठल्या नियमात नाही. आमच्या खात्याच्या हिशेबानं गोट्याच्या खालचं पाणीही शेतीलाच द्यायचं होतं. चांगल्या पावसाच्या वर्षी तो गोटा दिसतच नसे, म्हणून कधी प्रश्न आला नाही. त्या वर्षी पाणी गोट्याच्या थोडंसंच वर होतं.

सकाळी मी तुडुम उघडलं. चावी, म्हणजे दार फिरवायचा लोखंडी दांडा, तिथंच ठेवली आणि पाण्याबरोबर पाटानं खाली चालत गेलो. कोरड्या पाटानं आधी पोटभर पाणी पिऊन घेतलं. मग पाणी शेवंताबाईंच्या वरच्या बांधीत शिरलं. चिरलेली जमीन आवाज करत पाणी ओढत होती. शेवंताबाई पाण्यात उभ्या राहून फावड्यानं त्याला वाट करून देत होत्या आणि पाण्यालाही शिव्या देत होत्या. वरची बांधी भरली. धुरा फोडला, पाणी खालच्या बांधीत उतरलं आणि निम्म्यापर्यंत पोचलं.

तेवढ्यात पाळीवरून हाक आली. रामदास आपल्या जागेवरून ओरडत होता.

“गोटा दिसला वोऽऽ!”

सगळं काम जिथल्या तिथं थांबलं. पाळीवर गावातले बरेचजण जमले होते. सुकराम तुडुमाशेजारी उभा होता. चावी त्याच्या पायाशी पडलेली. तो पाण्याकडे बघत होता, आणि काही बोलत नव्हता. बाकीचे शेवंताबाईंकडे बघत होते. तोंड कोण उघडणार? ज्यांचा धान तयार होऊन उभा होता त्यांना, आता पाणी बंद करा, असं म्हणायची लाज वाटत होती, आणि बाईंच्या तोंडाची भीती तर होतीच. सगळ्यांनी मग माझ्याकडे पाहिलं. मी निर्णय देणारा माणूस. नियम शेवंताबाईंच्या बाजूनं होता आणि त्यांच्या खालच्या बांधीचा निम्मा धान अजून माझ्या डोळ्यांसमोर कोरड्यात उभा होता. पाणी चालू राहू द्या, असं मी म्हणणारच होतो. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हे माझ्या खात्यात तर फारच खरं आहे.

शेवंताबाईंनी फावडं धुऱ्यात रोवलं आणि त्या पाटाच्या काठानं वर निघाल्या. आता सुकरामची धडगत नाही, असं मला वाटलं. मी मागोमाग गेलो, मध्ये पडावं लागेल म्हणून. त्या पाळीवर चढल्या, थेट सुकरामपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाज फुटला.

“काहून रे, मूग गिळून उभा हायेस? मासोया तुह्या ना? गोटा उघडा पडला, दिसत नाई तुले? तोंड देवानं भाकर खावालेच देलं का?”

सुकराम खाली बघत म्हणाला, “तुमचा धान राहिला ना, बाई.”

“माह्या धानाचं मी पाहीन! मोठा आला!”

त्यांनी चावी उचलली, दाराला लावली आणि एकटीनं फिरवायला लागल्या. दार जड आहे, मला दोन हातांनी दम लागतो. कोणी मदतीला पुढे झालं नाही, कारण काय चाललंय हेच कोणाला कळत नव्हतं. शेवटचे दोन फेरे सुकरामनं हात लावला. पाटातलं पाणी बारीक झालं आणि थांबलं. शेवंताबाई पदरानं तोंड पुसून घराकडे गेल्या. जाताना रामदासला, “तू काहून बोंबलला रे?” असंही विचारून गेल्या.

त्यांच्या खालच्या बांधीचा निम्मा धान पोचट गेला. पाऊस आला असता तर वाचला असता, पण तो आला नाही. मी मळणीच्या वेळी गेलो होतो. त्या निम्म्या बांधीचे भारे त्यांनी वेगळे रचले होते आणि ते हाताला इतके हलके लागत होते की मला फार वाईट वाटलं. एका घराचं काही महिन्यांचं खाणं त्यात गेलं होतं. त्यावरून त्यांनी गावात कोणाला सोडलं नाही. पाट खाणाऱ्यांना, पावसाला, समितीला आणि मला. सुकरामला मात्र त्या धानावरून कधी बोलल्या नाहीत.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दंडारीचे नाच-खेळ, घराघरात पाहुणे आणि प्रत्येक चुलीवर मासोळीचा रस्सा. त्या गावच्या मंडईला मला दरवर्षी बोलावणं असे. तलावातली मासोळी त्या वर्षी हातभर निघाली होती आणि सुकराम टोपली घेऊन बाजारात बसला होता, गिऱ्हाइकाला फक्त मान हलवून भाव सांगत. शेवंताबाईंच्या घरी मला जेवायला वाढलं. सून वाढत होती, त्या चुलीपुढून तिला ओरडत होत्या. हात धुताना मी त्यांना विचारलं.

“शेवंताबाई, त्या दिवशी मी पाणी चालूच ठेवणार होतो. कागदानं ते पाणी तुमचंच होतं. सुकराम तर काहीच म्हणाला नव्हता. मग तुम्ही काहून बंद केलं?”

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि माझ्याकडे त्याच नजरेनं पाहिलं, जिनं पाट खाणाऱ्या बंडूकडे पाहिलं होतं.

“तो बोलत नाई म्हनून त्याचं पानी माहं होते का जी?”